क्षयाचे भाऊबंद मातीत अन् पाण्यात

धामापूर तलावाच्या खालच्या अंगाला एका काकींची सुपारीची बाग आहे. काकींचे नाव मुद्दाम देत नाही. "नाव घालू नकात, पण गोष्ट सगळ्यांका सांगा," असे त्यांनीच मला बजावले आहे. बाग लहान, पण नेटकी. सुपारीच्या सावलीत जायफळ, कडेला कोकम, झाडांवर चढवलेले मिरीचे वेल आणि पडवीला लागून कलमांची छोटी रोपवाटिका. बचतगटाच्या बायका तिथे बसून पिशव्या भरायच्या. कोकमाच्या कलमाचे प्रात्यक्षिक ठेवायचे झाले की मी हमखास काकींचीच पडवी मागून घेत असे.

तीन वर्षांपूर्वी ऐन भातकापणीत काकींना खोकला धरला. आधी वाटले, कोंड्याची धूळ लागली असेल. काढा झाला, दुकानातली गोळी झाली, मग तालुक्याच्या गावी इंजेक्शन झाले. दिवाळी उलटली तरी खोकला आपला तसाच. "खोकलो जाणा नाय सायबानू, रात्री झोपाक दिणा नाय," असे त्या मला म्हणाल्या तेव्हा त्यांच्या गळ्याची हाडे वर आलेली दिसत होती.

एका खासगी दवाखान्यात थुंकी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. लाल रंगाचे जंतू दिसले. काकींना वीसेक वर्षांपूर्वी एकदा क्षय होऊन गेला होता आणि त्यांनी औषधाचा कोर्स पुरा केला होता. त्यामुळे क्षय उलटला असा निष्कर्ष निघाला आणि गोळ्या सुरू झाल्या.

पुढे काय झाले ते गावात राहणाऱ्याला सांगायला नको. काकींचे ताट-तांब्या वेगळा झाला. झोपायची जागा मागच्या पडवीत गेली. "नातवांका माझ्याकडे येवक दिणत नाय," हे सांगताना त्या खोकल्याने थांबल्या की रडण्याने, मला कळले नाही. बचतगटाच्या बायका पिशव्या भरायला यायच्या बंद झाल्या. आणि खोटे कशाला बोलू, त्या वर्षीचे कलमाचे प्रात्यक्षिक मीही गुपचूप दुसऱ्या घरी हलवले. काकींना कारण सांगितले, "तुमका त्रास नको."

पाच महिने गोळ्या घेऊनही खोकला हटेना आणि वजन भरेना. काचेवर लाल जंतू दिसतच होते. घरचे म्हणू लागले, काकी गोळ्या टाकून देतात. काकी देवाची शपथ घेऊन सांगत होत्या की एक गोळी चुकवलेली नाही. शेवटी जिल्ह्याबाहेरच्या मोठ्या इस्पितळात नव्याने तपासण्या झाल्या आणि उलगडा झाला. काकी खरे बोलत होत्या. गोळ्याही बरोबर होत्या, पण त्या क्षयाच्या होत्या, आणि काकींना या वेळी क्षय नव्हताच. क्षयाच्या जंतूच्या भाऊबंदांपैकी एकाने त्यांच्या जुन्या, डागाळलेल्या फुफ्फुसात घर केले होते.

शेतकरी बंधूभगिनींनो, हा लेख त्या भाऊबंदांविषयी आहे. मी डॉक्टर नाही, शेतकी पदविका घेतलेला माणूस आहे. पण हे जंतू आपण ज्यात रोज हात घालतो त्या मातीत आणि पाण्यात राहतात. म्हणून त्यांची ओळख शेतीच्या पानावर करून देणे मला गैर वाटत नाही.

हे भाऊबंद कोण?

रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू जगापुढे मांडला. म्हणूनच २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन पाळला जातो. या जंतूच्या कुळाचे नाव मायकोबॅक्टेरियम. कुळ मोठे आहे. क्षयाचा जंतू त्यातलाच आणि कुष्ठरोगाचाही त्यातलाच. हे दोन सोडले तर बाकीच्या बहुतेक जाती माती, पाणी आणि धूळ यांत स्वतंत्रपणे जगतात. त्यांना क्षयेतर मायकोबॅक्टेरिया किंवा इंग्रजी आद्याक्षरांनी एन.टी.एम. म्हणतात. आजवर १९० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांपैकी माणसाला त्रास देणाऱ्या थोड्याच. बाकीच्या आपल्या अंगणात असतात आणि आपल्याला त्यांचा पत्ताही नसतो.

हे जंतू माणसाच्या फुफ्फुसात क्षयासारखा आजार करतात हे डॉक्टरांच्या नीट ध्यानात यायला विसावे शतक अर्धे सरावे लागले. अमेरिकेतील कॅन्सस सिटी इथे १९५३ साली अशा रुग्णांची नोंद झाली आणि त्या जातीला त्या गावावरून 'कॅन्ससाय' नाव पडले. पुढे १९५९ मध्ये रन्यन या शास्त्रज्ञाने रंग आणि वाढीचा वेग पाहून या जंतूंचे चार गट पाडले. फुफ्फुसाच्या आजारात वरचेवर सापडणारा गट म्हणजे 'एव्हियम'. एव्हियम म्हणजे पक्ष्यांचा, कारण पक्ष्यांतही तो रोग करतो. आपल्या गुराढोरांत आणि शेळ्यांत जुनाट हगवण लागून जनावर खंगत जाते तो जोन्स रोग याच एव्हियमच्या एका पोटजातीमुळे होतो. म्हणजे हे कूळ शेतकऱ्याला अगदीच परके नाही.

आता लाल रंगाचे कोडे. या सगळ्या जंतूंच्या अंगावर मेणासारख्या स्निग्ध पदार्थाचे जाड आवरण असते. थुंकीच्या काचेवर लाल रंग चढवून नंतर आम्लाने धुतले तर इतर जंतूंचा रंग निघून जातो, यांचा निघत नाही. काचेवर लाल काड्या दिसल्या की क्षय, असे आपण धरून चालतो. बहुतेक वेळा ते खरेही असते. पण भाऊबंदांनीही तोच लाल सदरा घातलेला असतो. नुसत्या सूक्ष्मदर्शकाखाली कोण क्षयाचा आणि कोण भाऊबंद हे ओळखता येत नाही. काकींच्या पहिल्या डॉक्टरांना लाल जंतू दिसले हे खोटे नव्हते. तपास तिथेच थांबला, इतकेच.

राहतात कुठे?

सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी पाणी आणि माती यांच्या नमुन्यांतून हे जंतू वेगळे काढले आणि ओळखले. त्यांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे हे परदेशातले खूळ नव्हे, आपल्या महाराष्ट्राच्या मातीतली गोष्ट आहे. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील प्रयोगशाळेतूनही डॉ. कॅमिला रॉड्रिग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली लेख लिहून सांगितले की क्षय मुबलक असलेल्या आपल्या मुलखातही या जंतूंची जात नेमकी ओळखण्याची वेळ आली आहे.

त्याआधीची एक मोठी गोष्ट तामिळनाडूतील चेंगलपट्टूची. तिथे १९६८ साली बी.सी.जी. लसीची चाचणी सुरू झाली. अडीच लाखांहून अधिक लोक तीत होते. १९७९ साली पहिला अहवाल आला. मोठ्या माणसांच्या फुफ्फुसाच्या क्षयापासून त्या भागात लसीने संरक्षण दिल्याचे दिसले नाही. असे का, याचे एक कारण असे मांडले गेले की तिथल्या लोकांचा माती-पाण्यातल्या या भाऊबंदांशी लहानपणापासून संबंध येतो, त्यामुळे लसीचा वेगळा परिणाम दिसत नाही. त्यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत. पण लहान मुलांना मेंदूच्या क्षयासारख्या गंभीर प्रकारांपासून बी.सी.जी. वाचवते. म्हणून बाळाला ती टोचून घ्यायचीच, यात वाद नाही.

पाण्याच्या नळात, टाकीत आणि शॉवरच्या चाळणीत आतून जो बुळबुळीत थर धरतो तो या जंतूंचा आवडता मुक्काम. त्यांचे मेणाचे आवरण त्यांना क्लोरीनपासूनही वाचवते. आमांशाच्या तपासणीत ज्या ई. कोलाय जंतूचे नाव आपण ऐकतो, त्याच्या शेकडो पट क्लोरीन हे भाऊबंद सहन करतात. त्याशिवाय ओली माती, कुजलेला पाला, कुंड्या भरायचे मिश्रण आणि त्यातून उडणारी धूळ या ठिकाणीही ते असतात.

आता कोणी विचारील, मग तलावाचे पाणी वाईट का? तसे मुळीच नाही. धामापूरचा तलाव १५३० साली विजयनगरच्या काळात नागेश देसाई यांनी बांधवला. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान दिला. पाचशे वर्षे या पाण्यावर बागा उभ्या आहेत. हे जंतू जगातल्या सगळ्या पाण्यात थोडेफार असतात, शहरातल्या शुद्ध केलेल्या नळातही असतात. पाण्याला भिण्याचे कारण नाही. कोणाला जपायचे ते कळले पाहिजे.

कोणाला बाधतात?

धडधाकट माणसाच्या फुफ्फुसात हे जंतू श्वासाबरोबर जातात आणि शरीर त्यांना निपटून काढते. जमीन चांगली असेल तर तण माजत नाही, तसे. पण ज्या फुफ्फुसात आधीच खाचखळगे पडले आहेत तिथे ते ठाण मांडतात. असे लोक पुढीलप्रमाणे:

पूर्वी क्षय होऊन फुफ्फुसावर डाग किंवा पोकळी राहिलेले. श्वासनलिका कायमच्या फुगलेले, म्हणजे रोज सकाळी वाटीभर बेडका पडणारे. विडी-सिगारेट किंवा चुलीच्या धुराने दमेकरी झालेले. दगड किंवा वाळूच्या बारीक भुकटीने सिलिकोसिस झालेले. आपल्या जिल्ह्यात कासार्डे परिसरात सिलिका वाळूच्या खाणी आहेत, तिथे राबणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. स्टिरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेणारे, आणि एच.आय.व्ही.मुळे प्रतिकारशक्ती फार घटलेले. शिवाय अंगाने काटकुळ्या, वयस्क बायकांतही हा आजार बराच दिसतो.

काकींच्या बाबतीत यातली तीन-चार कारणे एकत्र आली होती. जुना क्षय, चाळीस वर्षे चुलीपुढची फुंकणी, किडकिडीत अंगकाठी, आणि वर रोज कोरडी माती-भुसा कालवणे.

लक्षणे क्षयासारखीच. महिनोन् महिने खोकला, बेडका, कधी त्यात रक्त, संध्याकाळी कणकण, थकवा, वजन घटणे. फरक एवढाच की हा आजार बहुधा संथपणे वाढतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ठळक अक्षरांत लिहावी अशी आहे. हा आजार क्षयासारखा एका माणसाकडून दुसऱ्याला सहसा लागत नाही. सिस्टिक फायब्रोसिस नावाच्या जन्मजात विकाराच्या रुग्णांत एका जातीबद्दल तशी शंका घेतली जाते, तेवढा अपवाद. काकींचे ताट वेगळे करण्याची, नातवंडांना दूर ठेवण्याची काही गरज नव्हती. खरे तर क्षयातसुद्धा ताट-तांब्या वेगळा करण्याची गरज नसते. तो हवेतून पसरतो, भांड्यांतून नव्हे, आणि योग्य औषध लागू पडले की त्याचा संसर्ग लवकर ओसरतो.

ओळखायचे कसे?

आता नुसत्या काचेवर अवलंबून राहायचे दिवस गेले. सीबीनॅट आणि ट्रूनॅट या यंत्रांवर क्षयाच्या जंतूचा जनुकीय अंश थेट शोधता येतो, तोही काही तासांत. ट्रूनॅट तर आपल्या शेजारच्या गोव्यातील मोलबायो कंपनीचे. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. ही यंत्रे फक्त क्षयाचा जंतू ओळखतात. म्हणून काचेवर लाल जंतू भरपूर दिसतात, पण यंत्र सांगते क्षय नाही, अशी जोडी जमली की भाऊबंदांचा संशय घ्यायचा.

मग थुंकीचे कल्चर करावे लागते. म्हणजे जंतूचे बी पेरून ते उगवते का पाहायचे. आपल्या भाताचा तरवा तीन आठवड्यांत लावणीला येतो, पण हे जंतू उगवायला कधी दोन आठवडे, कधी सहा आठवडे लागतात. उगवल्यावर त्याची जात ओळखायची, कारण जातीप्रमाणे औषध बदलते. ही सोय प्रत्येक गावात नसते. नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. तो पाठवा, असे डॉक्टरांना विचारण्याचा रुग्णाला हक्क आहे.

इथे दुसरी बाजूही सांगतो. थुंकीत एकदा असा जंतू उगवला म्हणजे आजार झालाच असे नाही. नळाच्या पाण्याने चूळ भरून थुंकी दिली तर पाण्यातला जंतूही नमुन्यात येऊ शकतो. म्हणून डॉक्टर तीन गोष्टी जुळतात का पाहतात. रुग्णाला त्रास आहे का, छातीच्या फोटोत किंवा सीटी स्कॅनमध्ये तसे बदल आहेत का, आणि वेगवेगळ्या वेळी दिलेल्या निदान दोन थुंकींतून तोच जंतू उगवला का. काकींच्या दोन्ही नमुन्यांत एव्हियम गट उगवला तेव्हाच निदान पक्के झाले.

याच्या उलट चूकही होते. क्षयाच्या नेहमीच्या गोळ्यांना हे भाऊबंद नीट दाद देत नाहीत. त्यामुळे गोळ्या घेऊनही जंतू दिसतात, तेव्हा रुग्ण औषधाला न जुमानणाऱ्या क्षयाचा म्हणून गणला जाण्याची शक्यता असते. मग आणखी कडक औषधे, आणखी त्रास. जात ओळखली तर हे टळते.

औषध आहे का?

आहे. पण दमाने घ्यायचे. एव्हियम गटासाठी साधारणपणे अझिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन, त्यासोबत इथॅम्ब्युटॉल आणि रिफॅम्पिसिन अशी तीन औषधे एकत्र देतात. थुंकीत जंतू उगवायचे बंद झाले की तिथून पुढे निदान बारा महिने ती चालू ठेवतात. म्हणजे एकूण दीड वर्ष सहज जाते. कॅन्ससाय जात औषधाला बरी दाद देते. 'ॲबसेसस' नावाची जात फार हट्टी. तिला इंजेक्शने लागतात, कधी फुफ्फुसाचा खराब भाग काढावा लागतो. काही रुग्णांत आजार इतका सौम्य असतो की डॉक्टर औषध न देता नुसते लक्ष ठेवतात. तेही योग्यच.

एक इशारा द्यायलाच हवा. अझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची पट्टी आपल्याकडे कोणत्याही खोकल्याला घेतली जाते. या आजारात ते एकटे औषध पुनःपुन्हा घेतले तर जंतू त्याला सरावतो आणि मुख्य हत्यारच बोथट होते. एकच कीटकनाशक वर्षानुवर्षे मारले की कीड मरेनाशी होते, हा अनुभव आपल्याला आहेच. दुसरे असे की इथॅम्ब्युटॉल चालू असताना नजर अंधुक झाली किंवा लाल-हिरवा रंग ओळखण्यात फरक वाटला तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे.

हे वाचून क्षयाच्या गोळ्या थांबवू नका

हात जोडून विनंती आहे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर पहिला संशय क्षयाचाच घ्यायचा आणि सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यायची. तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. क्षयाच्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून महिना एक हजार रुपये झाली आहे. यंत्राने क्षय सांगितला असेल तर तो क्षयच समजा आणि गोळ्या पुऱ्या करा. "माका तो दुसरो आजार असतलो" असे मनाशी ठरवून गोळी सोडणारा स्वतःचा आणि घरच्यांचा घात करील. हा लेख गोळी सोडण्यासाठी नव्हे, गोळी लागू पडत नसेल तर पुढची तपासणी मागण्यासाठी आहे.

पावसातला आणखी एक तोतया

भाताच्या चिखलातून होणारा लेप्टो आपल्याला ठाऊक आहे. त्याच चिखलात आणखी एक जंतू असू शकतो. त्या आजाराचे नाव मेलिऑइडोसिस. हा क्षयाच्या कुळातला नाही, पण आजार क्षयाचे सोंग घेतो. भारतात तो पहिल्यांदा १९९१ साली मुंबईच्या एका मुलात नोंदला गेला. पुढे किनारी कर्नाटकात, उडुपी-मणिपालच्या पट्ट्यात, बरेच रुग्ण सापडले. तिकडची शेती आणि पाऊस आपल्यासारखाच. मधुमेही माणसाला पावसाळ्यात मोठा ताप, न्यूमोनिया, यकृतात किंवा प्लीहेत गळू असे झाले तर डॉक्टरांना सांगावे, "मी चिखलात काम करतो, मला साखर आहे." भाऊबंदांचा आजार संथ असतो, हा मात्र झपाट्याने जीव घेऊ शकतो. त्यावर वेगळी इंजेक्शने आहेत. मधुमेह असणाऱ्यांनी लावणीला गमबूट घालावेत आणि पायाची जखम उघडी ठेवून चिखलात उतरू नये.

घरात आणि बागेत काय करावे?

पुढची काळजी सगळ्यांनी घेतली तर चांगलेच. पण ज्यांची फुफ्फुसे कमजोर आहेत त्यांनी ती जरूर घ्यावी.

१. रोपवाटिकेत माती, शेणखत आणि काथ्याचा भुसा कोरडा कालवू नये. आधी पाणी शिंपडून ओलसर करावा, मगच फावडे घालावे. काम उघड्यावर, वाऱ्याला पाठ देऊन करावे. नाका-तोंडाला मास्क बांधावा.

२. कलमांच्या शेडमध्ये फॉगर चालू असताना दमेकऱ्याने किंवा जुन्या क्षयरुग्णाने आत थांबू नये. पाण्याचे बारीक तुषार थेट फुफ्फुसात जातात.

३. शॉवरपेक्षा बादली-तांब्या बरा. शॉवर असेलच तर चाळणी काढून अधूनमधून साफ करावी. बंबातले किंवा सोलरचे पाणी कोमट ठेवू नये, ५५ अंशांच्या वर तापवावे आणि अंगावर घेताना विसण घालावे.

४. वाफेच्या किंवा दम्याच्या औषधाच्या नेब्युलायझर यंत्रात नळाचे पाणी कधीही घालू नये. यंत्र उकळून गार केलेल्या पाण्याने धुऊन कोरडे करावे.

५. अशा रुग्णाचे पिण्याचे पाणी दहा मिनिटे खळखळून उकळावे. पाण्याच्या फिल्टरची कांडी वेळेवर बदलावी.

६. चुलीचा धूर घराबाहेर जाईल अशी सोय करावी. भाजावळीच्या दिवशी राब पेटवताना म्हाताऱ्या माणसांना धुरात उभे करू नये.

ग्रामपंचायतीने काय करावे?

ग्रामसेवक, सरपंच आणि पाणीपुरवठा कर्मचारी यांना सांगणे असे की, क्लोरीन या भाऊबंदांना पुरते मारत नाही म्हणून टी.सी.एल. पावडर बंद करू नका. कॉलरा, कावीळ आणि हगवण यांना तीच रोखते. पण टाकी नुसती पावडर टाकून स्वच्छ होत नाही. आतला बुळबुळीत थर घासून काढला पाहिजे. टाकी धुतल्याची तारीख भिंतीवर रंगवली जाते, ती खरी असू द्या.

आशाताई आणि आरोग्यसेवक यांच्याकडे गावातल्या जुन्या क्षयरुग्णांची माहिती असते. त्यांतल्या कोणाला पुन्हा खोकला सुरू झाला तर त्याची थुंकी फक्त काचेवर न तपासता यंत्रावर तपासली जाते ना, एवढे पाहावे. दोन निकाल जुळत नसतील तर ओरोसच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत रुग्णाला पोचवावे. आणि ग्रामसभेत एकदा तरी उभे राहून सांगावे की कोणत्याही खोकणाऱ्या माणसाला वाळीत टाकल्याने रोग जात नाही. माणूस मात्र जातो.

पुन्हा काकींच्या पडवीत

काकींचे औषध सतरा महिने चालले. सुरुवातीला तोंडाची चव गेली, पोट बिघडले, दोनदा "आता पुरे झाला" म्हणून बसल्या. सूनबाईंनी पंचांगावर रोजच्या गोळीची खूण करायचा नेम धरला आणि तो मोडला नाही. पाचव्या महिन्यात थुंकीत जंतू उगवायचे थांबले. जुने डाग आहेत, ते राहणारच. चढण चढताना अजून दम लागतो. पण वजन भरले आहे आणि रात्रीची झोप लागते. सहा महिन्यांनी एकदा तपासणीला जायचे, कारण हे जंतू मातीतले, पुन्हा येऊ शकतात.

या वर्षी कोकमाच्या कलमाचे प्रात्यक्षिक मी परत त्यांच्याच पडवीत घेतले. जायच्या आधी एकटा जाऊन मागच्या खेपेचे खरे कारण सांगितले. काकी थोडा वेळ सुपारी कातरत राहिल्या. मग म्हणाल्या, "माका तेव्हाच कळला होता. बसा, च्याय घेवा."

बचतगटाच्या नऊ बायका आल्या होत्या. काकी मास्क बांधून उंबऱ्याशी बसल्या आणि भुश्यावर पाणी शिंपडल्याशिवाय त्यांनी कोणाला फावडे लावू दिले नाही.